मिनीडीव्ही कॅमेरा संगणकाला दिसत नाही, तेव्हा आधी केबल पाहावी

आपल्या प्रश्नातील हकीकत थोडक्यात अशी आहे. वडिलांनी २००४ मध्ये घेतलेला, छोट्या डिजिटल कॅसेटीवर चित्रण करणारा मिनीडीव्ही कॅमकॉर्डर आणि त्याच्या चौदा कॅसेटी जुळे सोलापूरच्या घरी कपाटात सापडल्या. त्यांत बहिणीचे लग्न आहे, आजीची पंचाहत्तरी आहे आणि एका वर्षीच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज अक्षता सोहळ्यासाठी संमती कट्ट्याकडे निघाल्याचे चित्रण आहे. कॅमेरा चालू होतो आणि त्याच्या छोट्या पडद्यावर कॅसेट दिसतेही. पण यूएसबी केबलीने विंडोज १० च्या डेस्कटॉप संगणकाला जोडला की कधी काहीच होत नाही, तर कधी 'अनोळखी उपकरण' असा संदेश येतो. एका दुकानात ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला कॅमेऱ्याची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, मिळत नाही असे सांगितले गेले, दुसऱ्या दुकानात कॅमेराच गेला असे सांगितले गेले.

माझ्या मते दोन्ही निदाने चुकली आहेत. मी सोलापुरात पंचवीसएक वर्षे लग्नकार्याचे शूटिंग केले आणि अलीकडे मुख्यतः लोकांच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देतो. माझ्याकडे 'संगणक ओळखत नाही' म्हणून येणाऱ्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यांपैकी बहुतेक कॅमेरे धडधाकट असतात. ते चुकीच्या दारातून जोडलेले असतात, एवढेच.

आपल्या कॅमेऱ्यावर यूएसबीचे छिद्र आहे हे खरे, परंतु त्या काळच्या बहुतेक कॅमकॉर्डरमध्ये ते कॅसेटीसाठी नव्हतेच. मेमरी कार्डावर काढलेले स्थिर फोटो संगणकावर न्यावेत, आणि काही मॉडेलांत कॅमेरा वेबकॅमसारखा वापरता यावा, एवढ्यासाठी ते दिलेले असे. त्या वेबकॅमच्या सोयीसाठी विंडोज एक्सपीच्या जमान्यातला ड्रायव्हर लागे. दुकानदाराला जो ड्रायव्हर मिळाला नाही तो बहुधा हाच, आणि तो मिळाला असता तरी त्यातून बारीक, अडखळणारे चित्रच हाती आले असते. याचे कारण साध्या हिशेबात आहे. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) पद्धतीत केवळ चित्राचाच प्रवाह सेकंदाला २५ मेगाबिट इतका असतो, तर पहिल्या पिढीच्या यूएसबीची कमाल मर्यादा सेकंदाला १२ मेगाबिट होती. अर्ध्या इंची नळातून पूर्ण टाकी वेळेत रिकामी होत नाही, तसा हा प्रकार आहे. उशिरा आलेल्या काही मोजक्या मॉडेलांत दुसऱ्या पिढीच्या यूएसबीवरून कॅसेट उतरवण्याची सोय होती. आपल्या मॉडेलचे माहितीपत्रक तसे स्पष्ट सांगत असेल तरच त्या वाटेला जावे.

कॅसेटीसाठीचे खरे दार शेजारीच असते. कॅमेऱ्याच्या अंगावरची रबरी झाकणे नखाने हळूच उघडून पाहा. मिनी यूएसबीपेक्षा अरुंद आणि काहीसे चौकोनी असे, आत चार बारीक पिना असलेले एक छिद्र दिसेल आणि त्याशेजारी 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' असे छापलेले असेल. सोनी ज्याला आय-लिंक म्हणे त्यालाच अ‍ॅपल फायरवायर म्हणे, आणि विंडोजमध्ये त्याची नोंद नुसती '१३९४' अशी दिसते, कारण आयईईई या संस्थेने १९९५ मध्ये त्याला १३९४ या क्रमांकाच्या मानकाचे रूप दिले. तिन्ही नावे एकाच वस्तूची आहेत, हे दुकानात गेल्यावर लक्षात ठेवलेले बरे, नाहीतर एका नावाने विचारल्यावर नाही म्हणणाऱ्याच्या फडताळात दुसऱ्या नावाने तीच केबल पडलेली असते.

येथे आणखी एक गोष्ट समजून घ्यावी, म्हणजे पुढचे सगळे आपोआप उलगडते. कॅसेटीवर फाइल नसते. पेन ड्राइव्हवरची फाइल संगणक हवी तेव्हा, हव्या त्या तुकड्यात मागू शकतो. कॅसेट मात्र वाहती पट्टी आहे. कॅमेरा ती वाजवतो, पट्टी वाचणाऱ्या 'हेड'वरून ती सरकते, आणि चित्राचे जे आकडे बाहेर पडतात ते त्या क्षणी संगणकाने झेलले नाहीत तर गेले. म्हणून संगणकाला कॅमेरा कधीच 'ड्राइव्ह' म्हणून दिसणार नाही. 'धिस पीसी'मध्ये त्याचे चिन्ह शोधत बसणे व्यर्थ आहे. फायरवायर ही या झेलण्यासाठीच योग्य तार होती, कारण तिच्यात सेकंदाला ४०० मेगाबिटांची क्षमता तर होतीच, शिवाय चित्राच्या प्रवाहासाठी ठरावीक जागा राखून ठेवण्याची व्यवस्था होती. त्याच तारेतून संगणक कॅमेऱ्याला वाजव, थांब, मागे जा अशा आज्ञाही देतो.

एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला चार पिनांची फायरवायर अशी एक स्वस्त केबल ऑनलाइन सर्रास मिळते, ती कृपया घेऊ नका. दोन्ही पद्धतींची भाषाच वेगळी असल्यामुळे नुसत्या तारा जोडून काम होत नाही. त्या केबलीत भाषांतर करणारे काहीच नसते. माझ्याकडे येणाऱ्या दर दोन-तीन गिऱ्हाइकांमागे एकाच्या पिशवीत ती असते.

आता संगणकाकडे येऊ. संगणकाला फायरवायरचे छिद्र हवे, आणि आजच्या बहुतेक संगणकांना ते नसते. आपल्याकडे डेस्कटॉप आहे असे आपण लिहिले आहे, हे फार सोयीचे आहे. कॅबिनेट उघडून मदरबोर्डावर पीसीआय एक्स्प्रेसचा एखादा छोटा स्लॉट रिकामा आहे का पाहावे आणि त्यात बसणारे फायरवायर कार्ड घ्यावे. कार्ड घेताना त्यावरच्या मुख्य चिपेवरचे नाव वाचावे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असेल तर निर्धास्तपणे घ्यावे, व्हीआयएची असेल तरी सहसा चालते, आणि नाव खरवडून काढलेले असेल तर ते कार्ड दुकानदाराला परत करावे. कार्डाचे छिद्र सहा पिनांचे आणि कॅमेऱ्याचे चार पिनांचे असते, म्हणून केबल 'सहा ते चार' अशी मागावी. कॅमेऱ्यापर्यंत साडेचार मीटरपेक्षा लांब केबल वापरू नये. मी दीड-दोन मीटरचीच वापरतो.

डेस्कटॉप नसता तर गोष्ट अवघड होती. २००५ ते २०१० च्या सुमाराच्या अनेक लॅपटॉपना चार पिनांचे फायरवायर छिद्र असे, आणि ज्यांना नसे त्यांपैकी काहींना एक्स्प्रेसकार्डाचा खाचा असे, ज्यात फायरवायरचे छोटे कार्ड बसवता येते. असा एखादा लॅपटॉप घरात पडलेला असेल तर तो भंगारात देण्याआधी त्याच्या कडा नीट पाहाव्यात. अ‍ॅपलच्या संगणकांवर थंडरबोल्टला दोन अडॅप्टर एकापुढे एक लावून हे काम बरीच वर्षे होत असे, मात्र २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस २६ मधून फायरवायरचा आधारच काढून टाकला गेला आहे. तेव्हा कोणी मॅक देऊ केला तर आधी त्याच्या प्रणालीची आवृत्ती विचारावी.

जोडणी करताना एक अपघात टाळावा, आणि तो मी स्वतः केलेला आहे म्हणून सविस्तर सांगतो. जुन्या मदरबोर्डांवर यूएसबीसाठी आणि १३९४ साठी पिनांच्या ज्या दोन ओळी असत त्या दिसायला जवळजवळ सारख्या असत. एकदा घाईत मी कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीची तार १३९४ च्या पिनांवर बसवली आणि त्यात लावलेला गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह क्षणात जळाला, कारण १३९४ च्या पिनांवर यूएसबीच्या पाच व्होल्टांऐवजी बारा व्होल्ट असतात. दुसरा धोका सहा पिनांच्या टोकाचा आहे. त्याची एक बाजू निमुळती असते, परंतु स्वस्त कार्डाचे छिद्र सैल असेल तर जोर लावून ते उलटेही शिरते, आणि मग वीज आकड्यांच्या तारांवर जाऊन कॅमेऱ्याचे डीव्ही छिद्र कायमचे निकामी होते. असा कॅमेरा इतर सर्व बाबतींत ठणठणीत असतो, कॅसेट वाजवतो, टीव्हीवर दाखवतो, पण संगणकाला पुन्हा कधीही दिसत नाही. म्हणून कॅमेरा बंद ठेवावा, आधी संगणकाकडचे टोक निमुळती बाजू पाहून जोर न लावता बसवावे, मग कॅमेऱ्याकडचे लहान टोक सरळ रेषेत आत ढकलावे. फायरवायर चालू अवस्थेतही जोडता येते असे माहितीपत्रकात लिहिलेले असते; वीस वर्षांच्या यंत्रावर ती सूट घेऊ नये.

कॅमेऱ्याला बॅटरीवर नव्हे, त्याच्या चार्जरवर चालवावे. जुनी बॅटरी पाच मिनिटांत मान टाकते, आणि काही मॉडेले बॅटरीवर असताना स्वतःहून झोपी जातात. मग कॅमेऱ्याची कळ 'व्हीसीआर' किंवा 'प्ले' या खुणेवर न्यावी. ही कळ 'कॅमेरा' खुणेवर राहिली तर संगणक कॅमेरा ओळखतो, पण कॅसेटीऐवजी समोरची भिंत दाखवतो आणि लोक घाबरतात.

आता कॅमेरा चालू करावा. विंडोजचा ओळखीचा टिंग असा आवाज आला पाहिजे. स्टार्टच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि यादीत दोन जागा पाहा. एक म्हणजे '१३९४ होस्ट कंट्रोलर' ही कार्डाची नोंद, आणि दुसरी 'इमेजिंग डिव्हाइसेस' या सदराखाली 'मायक्रोसॉफ्ट डीव्ही कॅमेरा अँड व्हीसीआर' अशी कॅमेऱ्याची नोंद. कार्डाचीच नोंद नसेल तर कार्ड स्लॉटात नीट बसलेले नाही. ते काढून, सोनेरी कडा कोऱ्या खोडरबराने हलकेच पुसून, पुन्हा बसवावे. दोन्ही नोंदी असतील तर आपले काम झाले. कार्डाची आहे आणि कॅमेऱ्याची नाही, किंवा आहे पण तिच्यावर पिवळी खूण आहे, ही तिसरी स्थिती सगळ्यांत अधिक आढळते, म्हणून तिच्याकडे थोडे थांबून पाहू.

विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने फायरवायरसाठी नवा ड्रायव्हर आणला आणि जुना 'लेगसी' नावाने बाजूला ठेवला. अनेक जुन्या कॅमेऱ्यांचे नव्याशी जमत नाही. विंडोज ७ मध्ये हा लेगसी ड्रायव्हर यादीतच असे. विंडोज ८ पासून तो काढून टाकला गेला, आणि मायक्रोसॉफ्टने तो वेगळा डाउनलोड करण्यासाठी दिला. तो उतरवून बसवला की संगणकात नुसता ठेवला जातो, कामाला लागत नाही, आणि येथेच पुष्कळ जण फसतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नोंदीवर उजवी टिचकी मारून 'अपडेट ड्रायव्हर', मग आपल्या संगणकावरून शोधण्याचा पर्याय, मग उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीतून स्वतः निवडण्याचा पर्याय, अशा क्रमाने जावे, आणि ज्या ओळीच्या शेवटी कंसात 'लेगसी' असे आहे ती निवडावी. संगणक एकदा बंद करून चालू करावा. कॅमेरा न दिसण्याच्या ज्या तक्रारी मी विंडोज १० वर पाहिल्या, त्यांपैकी केबल आणि कार्ड योग्य असतानाच्या बहुतेक एवढ्याने मिटल्या.

यानेही भागले नाही, तर दोष विंडोजचा की यंत्राचा हे ठरवण्याची एक स्वच्छ कसोटी आहे. पेन ड्राइव्हवर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली घेऊन संगणक तिच्यावरून सुरू करावा. मूळ विंडोजला धक्का लागत नाही. लिनक्सला फायरवायरसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि डीव्हीग्रॅब नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम कॅमेरा दिसतो की नाही हे लगेच सांगतो, शिवाय कॅसेटही उतरवून देतो. तेथे कॅमेरा दिसला तर कार्ड, केबल आणि कॅमेरा तिन्ही निर्दोष आहेत. तेथेही दिसला नाही तर आधी केबल बदलावी, मग कार्ड, आणि कॅमेऱ्याच्या छिद्रावर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. ते छिद्र खरोखरच गेले असेल तर कॅमेऱ्याच्या पिवळ्या, पांढऱ्या, तांबड्या एव्ही तारेतून आणि यूएसबी कॅप्चर उपकरणातून चित्रण उतरवता येते, परंतु त्यात आकड्यांचे एकदा अ‍ॅनालॉग होऊन पुन्हा आकडे होतात आणि चित्र थोडे मऊ पडते, म्हणून ती अगतिकाची वाट आहे.

इतर प्रकारांचे कॅमेरे असणाऱ्यांसाठी दोन वाक्ये. एचडीव्ही, म्हणजे तशाच कॅसेटीवर हाय डेफिनिशन चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यात आय-लिंकची निवड 'एचडीव्ही' की 'डीव्ही' हे मेनूमध्ये कॅसेटीप्रमाणे ठरवावे लागते, ती चुकली तर संगणकाला भलतेच उपकरण दिसते; हार्ड डिस्क किंवा मेमरी कार्डाच्या कॅमेऱ्यांना मात्र यूएसबीच योग्य असते, फक्त जोडल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'यूएसबी कनेक्ट' दाबावे लागते.

कॅमेरा दिसू लागला की लगेच लग्नाची कॅसेट घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. कपाटात पडून राहिलेल्या यंत्राच्या आत काय साचले आहे हे बाहेरून कळत नाही. पूर्व भागातल्या एका विणकर कुटुंबाचा कॅमेरा माझ्याकडे आला होता. कॅसेटीचा दरवाजा उघडून विजेरीचा उजेड टाकला तर आतल्या फिरत्या नळकांड्याभोवती यंत्रमागाची सुताची तूस पिंजलेल्या कापसासारखी गुंडाळलेली होती. त्यात कॅसेट गेली असती तर ६.३५ मिलिमीटर रुंदीची ती पट्टी तेथेच चुरगळली असती. आपणही आत उजेड टाकून पाहावे, फुंकर मारू नये कारण थुंकीचा ओलावा जातो, हवेच्या रबरी पंपाने धूळ काढावी, आणि कोरडी क्लीनिंग कॅसेट मिळाली तर ती दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये. सोनीच्या कॅमेऱ्यात पडद्यावर 'सी:२१' आले तर आत दव धरले आहे, कॅसेट काढून यंत्र तास-दोन तास उघडे ठेवावे. 'सी:२२' आले तर हेड मळले आहेत. 'सी:३१' किंवा 'सी:३२' आले तर यांत्रिक दोष आहे आणि तेथे हट्ट करू नये.

आपल्या कॅसेटींनी सोलापूरचे वीस उन्हाळे काढले आहेत. कपाट पत्र्याच्या खोलीत नव्हते हे नशीबच. प्रत्येक कॅसेटीच्या कडेची छोटी खिटी 'सेव्ह'कडे सरकवावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही मुद्रित होणार नाही. मग ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी, म्हणजे पट्टीचे चिकटलेले वेढे सुटतात. पहिली कॅसेट अशी निवडावी की जी बिघडली तरी मनाला लागणार नाही.

विंडोजवर उतरवण्यासाठी मी विनडीव्ही हा जुना, लहान आणि मोफत प्रोग्रॅम वापरतो, कारण तो कॅसेटीवरचे आकडे जसेच्या तसे उचलतो आणि स्वतःची अक्कल चालवत नाही. त्याच्या खिडकीत चित्र आले, कॅमेऱ्याच्या पोटातून मोटरीचा बारीक घूं असा आवाज सुरू झाला आणि टाइमकोडचे, म्हणजे पट्टीवरच्या वेळेचे, आकडे सरकू लागले, की सर्व साखळी जुळली असे समजावे. एक तासाच्या कॅसेटीला एक तासच लागतो. तासाला साधारण १३ जीबी जागा लागते, म्हणजे आपल्या चौदा कॅसेटींना १८० जीबीच्या आसपास. डिस्क एनटीएफएस पद्धतीने तयार केलेली असावी. जुन्या एफएटी३२ डिस्कवर एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा असते आणि चित्रण विसाव्या मिनिटाच्या सुमारास तुटते. लाईट जाण्याची भीती असेल तर संगणक यूपीएसवर आणि कॅमेऱ्याचा चार्जरही त्याच यूपीएसवर असावा, कारण चार्जर बाहेर राहिल्याने मधेच कॅमेरा बंद पडून कॅसेट आत अडकल्याचे मी पाहिले आहे. मूळ एव्हीआय फाइली दोन वेगळ्या डिस्कवर जपाव्यात आणि नातेवाइकांना मोबाइलवर पाठवण्यासाठी त्यांपासून एमपी४ प्रती वेगळ्या कराव्यात.

एखाद्या कॅसेटीत चित्रावर चौकटींचे ठिगळ दिसू लागले तर ती लगेच दुसऱ्या कॅमेऱ्यात घालू नका. वडिलांनी पट्टी वाचवण्यासाठी 'एलपी' गतीने चित्रण केले असेल, ज्यात साठ मिनिटांच्या कॅसेटीत नव्वद मिनिटे बसतात, तर अशी कॅसेट ज्या कॅमेऱ्याने भरली त्यातच सर्वांत चांगली वाजते. हेड स्वच्छ करून त्याच कॅमेऱ्यात दोन-तीनदा प्रयत्न करावा. ठिगळे प्रत्येक वेळी वेगवेगळ्या जागी येत असतील तर दोन्ही फाइलींतले चांगले भाग जोडता येतात.

डीव्हीच्या प्रवाहात चित्रासोबत चित्रणाची तारीख आणि वेळही लिहिलेली असते, आणि विनडीव्ही व डीव्हीग्रॅब दोन्ही तिच्यावरून फाइलींना नावे देऊ शकतात, म्हणजे चौदा कॅसेटींवरची अर्धवट पुसलेली लेबले वाचत बसावे लागत नाही. ही तारीख वडिलांच्या कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर असेल तरच खरी. ते तपासायला आपली यात्रेची कॅसेट उपयोगी पडेल. अक्षता सोहळा भोगीच्या दिवशी होतो. फाइलीच्या नावातले वर्ष घेऊन त्या वर्षीच्या पंचांगात भोगीची तारीख पाहा. ती जुळली तर त्या सुमाराच्या इतर कॅसेटींच्या तारखाही तशाच ठेवता येतील. नाही जुळली तर कितीचा फरक आहे तो एका कागदावर टिपून ठेवा, आणि बहिणीच्या लग्नाची तारीख घरात सर्वांना माहीत असल्यामुळे तोच फरक तेथेही पडतो का, हे ताडून मगच फाइलींची नावे बदला.